चैत्रगौरीआधीचं अंगण

पंचांगात वसंत ऋतू चैत्र आणि वैशाखाचा आहे. झाशीत त्या हिशेबाने बागेत उतरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. इथे चैत्र सरता सरता दुपारचा पारा चाळिशी गाठतो, वैशाखात लू सुटते आणि कुंडीतली माती विटेसारखी तापते. झाडाला फुटवा धरायला, बी रुजायला, मुळं खोल जायला जी ऊबदार पण सोसवेल अशी हवा लागते, ती महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्यापर्यंतच मिळते. जेमतेम महिनाभर. अंगणातली वर्षभराची निम्मी कामं या एका महिन्यात बसवावी लागतात. त्यातली मोठी कामं आमच्याकडे एकाच दिवशी होतात, शिवरात्रीनंतरच्या पहिल्या रविवारी.

या महिन्याला नाव काय द्यायचं, यावर आमच्या गल्लीत दोन मतं आहेत. शिवरात्र आमच्या पंचांगात माघ वद्य चतुर्दशीला येते, शेजारच्या घरी तोच दिवस फाल्गुन कृष्ण चतुर्दशी असतो. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी शेजारी चैत्र लागतो, आमचा फाल्गुन आणखी पंधरा दिवस चालतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, एवढाच फरक. पण लग्न होऊन पुण्याहून इथे आले तेव्हा माझा यात पुरता गोंधळ उडाला होता. "भेंडी फागुन में बो देना" असं शेजारच्या भाभींनी सांगितलं आणि मी आपला फाल्गुन धरून पंधरा दिवस थांबले. तो पंधरवडा पुढे फार महागात पडला. कसा, ते पेरणीपाशी आल्यावर सांगते.

सासूबाईंनी मला तिथींपेक्षा सोपा हिशेब शिकवला. त्या म्हणायच्या, "चैत्रगौरीला काय काय लागतं ते आठव आणि मागे मोजत ये." चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते, अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते. त्या महिन्यात कधीतरी हळदीकुंकू होतं. त्याला हळद लागते, ओटीला हरभरे लागतात, डाळीला आणि पन्ह्याला कैरी लागते, बायकांच्या हातात द्यायला मोगरा लागतो. हरभरे सोडले तर बाकी सगळं अंगणातलं. मोगरा तेव्हा फुलायचा तर छाटणी आत्ता व्हायला हवी. हळद तेव्हा दळलेली हवी तर खणणं आत्ता. कैरी हवी असेल तर आंब्याच्या मोहराकडे आत्ता लक्ष. गेली पंचवीस वर्षं मी या हिशेबाने चालते आहे आणि तो चुकलेला नाही.

झाशीत चैत्रातलं हळदीकुंकू हे नुसतं घरगुती राहिलेलं नाही. छत्रसाल बुंदेल्याच्या मदतीला बाजीराव पेशवे १७२९ मध्ये धावून आले, त्यानंतर बुंदेलखंडाचा मोठा हिस्सा मराठ्यांकडे आला आणि १७४२ पासून नारो शंकर यांनी झाशीचं शहर वसवायला घेतलं. नाशिककरांना ते घंटेमुळे माहीत असतात. तिथल्या नारोशंकराच्या देवळाची ती घंटा यांचीच. त्यांच्यामागून आणि पुढे झाशीचे राज्यकर्ते झालेल्या नेवाळकरांच्या काळात देशावरची, कोकणातली कुटुंबं इथे आली आणि येताना आपले कुळाचार घेऊन आली. किल्ल्याखालच्या ज्या गणेश मंदिरात १८४२ साली मनूताईंचं लग्न लागून त्या लक्ष्मीबाई झाल्या, ते मंदिर आजही इथल्या मराठी घरांचं एकत्र जमण्याचं ठिकाण आहे. राणीने शहरातल्या सगळ्या जातींच्या बायकांना बोलावून थाटात हळदीकुंकू केलं, ही आठवण इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. माझ्या सासूबाई ती अशी सांगत, जणू त्या स्वतः ओटी भरून आल्या होत्या.

आता रविवार सकाळ.

पहिलं काम झाडलोटीचं. फाटकाशेजारी कडुनिंब आहे आणि या दिवसांत त्याची पानं थांबत नाहीत. पहाटे झाडलेलं अंगण नऊ वाजता पुन्हा पिवळं होतं. थंड देशांत झाडं हिवाळ्याआधी पानं टाकतात, कारण गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नाही. आपल्याकडच्या कोरड्या मुलखात पाण्याची ओढ लागते ती हिवाळ्यानंतर. पावसाळ्यात मुरलेली ओल फेब्रुवारीपर्यंत खाली गेलेली असते, हवा कोरडी होत जाते आणि जुन्या पानांतून उडून जाणारं पाणी झाडाला परवडत नाही. म्हणून ते पानं टाकतं. पळस, साग, कडुनिंब प्रत्येकाची वेळ थोडी पुढेमागे. झाशीबाहेरच्या माळांवर पळस तर एकही पान अंगावर न ठेवता केशरी फुलतो. इथे त्याला टेसू म्हणतात आणि होळीच्या रंगासाठी त्याची फुलं भिजत घालतात. कडुनिंब मात्र फार दिवस उघडा राहत नाही. दोन-तीन आठवड्यांत तांबूस, चकचकीत पालवी येते, आणि पाडव्याला गुळाबरोबर आपण चावतो तो कोवळा पाला तोच.

हा पाचोळा जाळायचा नाही. आमच्या भागात सकाळी घरोघरी पाचोळ्याचा धूर निघतो आणि मला दर वेळी हळहळ वाटते. कारण आमच्या पायाखालची माती कशी आहे ते मला माहीत आहे. बुंदेलखंडातला शेतकरी जमिनीची चार नावं घेतो: मार, काबर, पडुवा आणि राकड. मार ही काळी, ओल धरून ठेवणारी. काबरही काळीच, पण वाळली की दगडासारखी घट्ट. पडुवा हलकी, पिवळसर. आणि राकड म्हणजे तांबडी, खडेरी, ग्रॅनाइटाच्या खडकाची झीज होऊन तयार झालेली. झाशीचा किल्ला ज्या खडकावर उभा आहे, त्याच खडकाची ही भुकटी. आमच्या अंगणात राकडच आहे. तिच्यात घातलेलं पाणी चाळणीतून जावं तसं जातं. अशा मातीत ओल धरून ठेवणारा एकच पदार्थ, कुजलेला पालापाचोळा, आणि तो झाड स्वतः आणून पायाशी टाकतंय. त्याला काडी लावायची म्हणजे उन्हाळ्यातलं पाणी आत्ताच ओतून देणं.

कोपऱ्यात विटा सैल रचून केलेला हौद आहे. त्यात तीन टोपल्या पाचोळा, वर एक टोपली स्वयंपाकघरातला ओला कचरा किंवा शेण, वर पाण्याचा शिपका, पुन्हा पाचोळा. सुक्या पानांत कर्ब भरपूर आणि नत्र कमी, ओल्या कचऱ्यात उलट. कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतं. घाण वास आला तर ओलं जास्त झालं, वाफच येत नसेल तर सुकं जास्त. मूठभर उचलून घट्ट दाबलं तर एखादा थेंब बोटांतून यावा, धार लागू नये. ढीग जमला की आतली उष्णता पन्नास-साठ अंशांपर्यंत चढते आणि हात घातला तर चटका बसतो. सगळा पाचोळा मात्र हौदात टाकत नाही. चार पोती बाजूला ठेवते, ती दुपारी आच्छादनाला लागतात.

मग हळद. आंब्याच्या विरळ सावलीत दोन वाफे आहेत. गेल्या ज्येष्ठात लावलेली हळद आता पानं वाळवून आडवी झालेली असते. पंधरा दिवस आधी पाणी तोडलेलं असतं, कारण ओल असली की कंद पुन्हा फुटायच्या खटपटीला लागतो. कुदळ झाडापासून वीतभर लांब घालायची आणि माती उचलायची, खणायची नाही. अख्खा गड्डा मातीसकट वर येतो. तो हातात घेऊन हलक्या हाताने मोडला की आत केशरी, जवळजवळ लाल रंग दिसतो, आणि आल्याला गाजराची जोड दिल्यासारखा एक कच्चा वास येतो. सांगली-साताऱ्याकडचे शेतकरी या एका गड्ड्याला चार नावांनी ओळखतात. मधला, ज्यातून झाड उगवलं तो जेठा गड्डा. त्याच्या बगलेतून फुटलेले बगल गड्डे. बोटांसारखी फुटलेली ती हळकुंडं. आणि लावताना जो मूळ कंद होता, तो आता पोकळ होऊन तळाशी चिकटलेला असतो, तो सोरा गड्डा. जेठे गड्डे बियाण्याला ठेवायचे, कारण त्यात साठा जास्त आणि पहिला कोंब जोमदार. ते मी सावलीत, कोरड्या वाळूत, एकमेकांना लागणार नाहीत असे मांडते.

हळकुंडं धुऊन पितळी पातेल्यात पाऊण तास शिजवायची. हे शिजवणं पुष्कळांना अनावश्यक वाटतं, पण हळदीची निम्मी करामत त्यात आहे. कच्चं हळकुंड तसंच वाळवलं तर ते जिवंत असतं, वाळायला फार वेळ घेतं आणि रंग मध्ये गडद, कडेला फिका राहतो. शिजवल्यावर कंद मरतो, त्यातलं पिठूळ खळीसारखं होतं आणि रंग सगळीकडे सारखा पसरतो. काडी टोचली की सहज आत जावी आणि फेस वर यावा, ही शिजल्याची खूण. मग दोन आठवडे गच्चीवर ऊन. वाळल्यावर वजन साधारण पाचव्या हिश्शावर येतं. म्हणजे हळदीकुंकवाच्या करंड्यात जी चिमूटभर पूड असते, तिच्यामागे पाचपट ओला कंद आणि नऊ महिन्यांची सावली असते.

पातेलं चुलीवर असताना मोगरा उरकतो.

मोगऱ्याला छाटायला माणसं धजत नाहीत. माझाही हात पहिल्या वर्षी थरथरला होता. पण मोगऱ्याची कळी येते ती नव्या फुटीच्या टोकाला. जुनी लाकडी फांदी नुसती पानं धरून बसते. म्हणून आठवडाभर आधी पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की प्रत्येक फांदी निम्मी कापायची. काप डोळ्याच्या बोटभर वर, तिरका, म्हणजे पाणी साचून कुजत नाही. आतल्या बाजूला वाढणाऱ्या बारीक काड्या मुळापासून काढायच्या. उरलेली पानंही ओरबाडून टाकायची. झाड भुंडं दिसतं, बघवत नाही. मग बुंध्याभोवतीची माती हाताने मोकळी करून शेणखत घालायचं आणि पोटभर पाणी द्यायचं. उपासानंतर जेवण मिळाल्यासारखं सगळ्या डोळ्यांतून एकदम फुटवे येतात आणि दीड-दोन महिन्यांत पहिल्या कळ्या लागतात. चैत्रगौर तेव्हा झोपाळ्यावर बसलेली असते.

कढीपत्त्यालाही हीच कात्री लागते. शेजारी त्याला मीठी नीम म्हणतात. हिवाळ्याच्या थंडीने त्याची पानं पिवळी पडलेली असतात, शेंडे छाटले की तो जमिनीलगत फांद्या धरतो. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या खुडून बी डबीत ठेवायचं. शेवंतीचे दांडे चार बोटं ठेवून कापायचे, बुडाशी फुटलेली पिल्लं पुढच्या वर्षासाठी सावलीत जपायची.

दहा वाजता पेरणी. रात्रभर भिजवलेली भेंडी, दुधी, दोडका, काकडी. माझा तो पंधरवडा महागात का पडला ते इथे कळतं. भेंडीच्या बियांना सतरा-अठरा अंशांच्या खाली नीट उगवता येत नाही, म्हणून माघाच्या सुरुवातीला घाई करून उपयोग नसतो. दुसरीकडे चाळिशीच्या वर पारा गेला की भेंडीची फुलं गळायला लागतात. पेरल्यापासून पहिली भेंडी तोडेपर्यंत पन्नास दिवस धरा. फेब्रुवारीच्या अखेरीस पेरलं तर एप्रिलच्या मध्यापासून भेंडी खाता येते. पंधरा दिवस उशीर झाला की झाड ऐन भरात येतं आणि लू सुरू होते. वेलांचं आणखी वेगळं. दुधी, काकडी यांच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. दिवस मोठा आणि ऊन कडक झालं की वेल नर फुलंच जास्त काढतो. त्या वर्षी माझ्या दुधीच्या मांडवावर पांढरी फुलं खच्चून लागली आणि दुधी एक आला. वेल आजारी आहे असं समजून मी त्याला खत घालत राहिले होते.

झाशीच्या हवेत ऋतू किती अचूक धरावा लागतो, याचं एक उदाहरण देशभर गाजलं. गुरलीन चावला या इथल्या तरुणीने आधी घरी आणि मग शेतात स्ट्रॉबेरी लावली, आणि ३१ जानेवारी २०२१ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी तिचं नाव घेतलं. महाबळेश्वरचं फळ बुंदेलखंडात कसं, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. पण आमचा हिवाळा चांगला थंड असतो, रात्री पाच-सात अंशांपर्यंत उतरतात, आणि तेवढे तीन-चार महिने स्ट्रॉबेरीला पुरतात. माझ्याही चार कुंड्या आहेत. आता तिची शेवटची फळं लागलेली असतात. ती खुडून कुंड्या आंब्याखाली सरकवायच्या.

आंब्याखाली गेल्यावर वर बघितल्याशिवाय राहवत नाही. मोहर पूर्ण उघडलेला असतो. एका मोहरात शेकडो, कधी हजाराच्या वर फुलं, त्यातली बहुतेक नर. परागीभवन मधमाश्यांपेक्षा माश्याच जास्त करतात. म्हणून मोहर उघडा असताना कसलीही फवारणी नाही, अगदी कडुनिंबाचीही नाही. पाणीही बेताचंच, फार पाणी दिलं तर झाड मोहर सोडून पालवीच्या मागे लागतं. फळ वाटाण्याएवढं झालं की मग पाणी सुरू.

फवारणीची गरज पडते ती गुलाबावर आणि उरलेल्या मोहरीच्या रोपांवर. ऊब वाढली की कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो, हिरवा किंवा काळा, मोहरीच्या दाण्याएवढा. गेल्या उन्हाळ्यात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या कुटून ठेवलेल्या असतात. पन्नास ग्रॅम पूड कापडात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी पिळून गाळायची, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा. पण फवारण्याआधी पान उलटून बघा. माव्यात काळसर, अंगावर केशरी ठिपके असलेली, इवल्याशा मगरीसारखी अळी फिरताना दिसली तर हात आवरा. ती ढालकिड्याची पिल्लं आहेत आणि दिवसाला डझनावारी मावा खातात. माणसं लाल, ठिपकेदार, सुंदर भुंग्याला सोडतात आणि त्याच्याच पिल्लांना कीड समजून चिरडतात.

दुपारी माळीकाका आले. "दीदी, घाम चढ़ रओ है," म्हणाले आणि टोपी काढून बसले. बुंदेलीत घाम म्हणजे ऊन. आपल्याकडे उन्हाने अंगातून निघतं ते पाणी म्हणजे घाम. संस्कृतातल्या 'घर्म' या एकाच शब्दातून, म्हणजे उष्म्यातून, दोन्ही निघाले आणि वाटेत अर्थ वेगळे झाले. त्यांच्या मदतीने करायचं काम उन्हाशीच निगडित होतं: लिंबाच्या झाडाशी मडकं पुरणं.

या मुलखातल्या उन्हाला हलकं घेऊ नये. मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोझची फौज झाशीसमोर उतरली, तेव्हा शहराभोवतीचा चारा आणि सावली देणारी झाडं आधीच काढून टाकलेली होती, असं इंग्रज लेखकांनी लिहून ठेवलंय. तोफांइतकंच ऊन शत्रूला भारी पडेल, हे राणीला ठाऊक होतं. पुढे ७ मे रोजी कोंचच्या लढाईत गोऱ्या सैनिकांवर उन्हाने फार मोठा घाला घातला, स्वतः रोझलाही उष्माघात झाला. अंगणातलं लिंबूही त्याच उन्हात उभं राहायचं असतं.

मडकं साधं, भाजलेल्या लाल मातीचं, दहा लिटरचं, आतून-बाहेरून कुठलाही लेप नसलेलं. बुंध्यापासून दीड हातावर खड्डा घेऊन गळ्यापर्यंत पुरलं, भोवती खत मिसळलेली माती दाबली, पाणी भरलं, वर झाकण ठेवलं. मडक्याच्या भिंतीतून पाणी झिरपतं, पण माती कोरडी असेल तेवढंच. ओली झाली की झिरपणं मंदावतं, मुळांनी पाणी ओढलं की पुन्हा सुरू होतं. नळी नको, घड्याळ नको. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात ही रीत सांगितलेली आहे, आणि पाण्याची टंचाई पाचवीला पुजलेल्या बुंदेलखंडात ती मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. हे काम आत्ताच करायचं, कारण मुळांना मडक्यापर्यंत पोचायला महिना-दीड महिना लागतो. मे महिन्यात पुरलेलं मडकं तहानलेल्या झाडाच्या शेजारी नुसतंच पाणी धरून बसतं.

सकाळी बाजूला ठेवलेली पाचोळ्याची पोती मग रिकामी केली. लिंबू, मोगरा, कढीपत्ता, सगळ्यांच्या बुडाशी चार बोटं जाड थर, खोडाला न टेकवता. माळीकाकांनी जाण्याआधी मडक्याचं झाकण उचलून पाण्याची पातळी बोटाने मापली आणि आतल्या बाजूला कोळशाने खूण केली.

संध्याकाळी शिजलेली हळद वर नेली. गच्चीवर जुन्या धोतरावर एकेक हळकुंड सुटं पसरलं. शिजवण्याआधी सव्वातीन किलो भरलं होतं, म्हणजे वाळून साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास येईल. शेजारच्या भाभी कठड्यावरून बघत होत्या. त्यांच्या सुनेला यंदा पहिल्यांदा आमच्याकडे हळदीकुंकवाला यायचं आहे. "किस दिन रखोगी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोगरा सांगेल तेव्हा. दवाने हळद ओली होऊ नये म्हणून मग आम्ही दोघींनी मिळून तिच्यावर सासूबाईंचं जुनं नऊवारी पांघरलं आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.